गोदीच्या दोन काठांवर

परवा आम्ही दोघं जुनी गोदी पाहायला गेलो. आता तिथे दुरुस्तीला बोटी येत नाहीत, लोक फिरायला येतात. पाणी उपसून बोट कोरडी उभी करायची तो दगडी खड्डा एवढा मोठा, की आख्खी चाळ आत मावेल. यांची उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली, बोटींच्या पत्र्यावरचा गंज हातोडीने ठोकून काढण्यात. त्या आवाजाने कान गेले. घरी मी ओरडून बोलते, हे नुसतं हसतात, आणि हल्ली तर यांचं बोलणंच आटलं होतं. मला त्याची धास्तीच बसली होती.

तर पलीकडच्या काठावर यांचे जुने सोबती महादूभाऊ दिसले. हाक पोचणार नाही एवढं अंतर. यांनी हात वर केला आणि दोघांची बोटं भराभर चालू लागली. ठोकाठोकीत शब्द कुठला ऐकू येणार? म्हणून सगळी गोदी हातांनीच बोलायची म्हणे.

"काय म्हणतात हो?" मी यांच्या कानाशी ओरडले.

"म्हणतो, पोट सुटलं तुझं. मी विचारलं, केस कुठे ठेवून आलास?"

किती दिवसांनी यांच्या तोंडून एवढं ऐकलं. एवढाल्या बोटी नीट करता करता या माणसांनी स्वतःची एक भाषा घडवली, आणि तिला अजून गंज चढलेला नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारातून मी हवेतच कप ओठांना लावून यांना चहा विचारला. यांनी साखरेची चिमूट दाखवली, मग आणखी एक. डॉक्टरांनी साखर बंद केलीय, हे हातांनी कसं सांगायचं, ते आता शिकून घ्यायला हवं.