न विचारणाऱ्यांच्या तक्रारी

‘तुम्ही निर्धास्त राहा, आम्ही सगळं सांभाळतो’ असं कुठल्याही कंपनीनं म्हटलं की मी आता आधी खिसा चाचपतो.

शहराच्या कडेला, हुडकेश्वरच्या पलीकडच्या लेआउटांत, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्यांत, नळ नव्हते. टँकर यायचा, त्याच्या मनाला वाटलं तर. ज्या गल्लीची तक्रार सर्वांत जुनी, तिथं पाइपलाइन आधी, असं महापालिकेनं ठरवलं. तक्रारी आमच्या नागरिक समितीनं गोळा करायच्या आणि महापालिकेच्या साहेबांपुढं सुनावणीत तारखेनिशी मांडायच्या.

समितीतला इंजिनिअर दादा प्रतापनगरचा. कागद दिसला की त्याला शिंका यायच्या. “पत्रकं वाटायचे दिवस गेले, मित्रा. क्लाउडवर टाकू. मॅनेज्ड सर्व्हिस आहे, सगळं कंपनी बघते, आपण बोटही लावायचं नाही.” सगळं सायकल स्टँडसारखं : टोकन दिलं की सायकल समोर, तसा तक्रारीचा नंबर टाकला की तक्रार समोर. टँकर येवो न येवो, तो न आल्याची नोंद पापणी लवायच्या आत उघडायची. केवढी ही प्रगती!

पहिली तक्रार एका मावशीची. तिची गल्ली इतकी अरुंद की टँकर आत वळायचाच नाही.

“रोज येऊन विचारा लागते का गा?” तिनं विचारलं.

“छे, मावशी! एकदा नोंद झाली की झाली.”

तिनं ऐकलं. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. मेन रोडवरच्या बंगलेवाल्यांना मात्र दम कुठला? घरात बोअरवेल, हातात फोन. चहा पिता पिता नंबर टाकायचे आणि आपली तक्रार उघडून बघायचे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी आम्ही तक्रारी काढायला बसलो. मावशीचा नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं. कोरा. शेजारणीचा टाकला. कोरा. सगळी गल्लीच गायब. बंगलेवाले तेवढे जिथल्या तिथं.

दादानं कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, हात जोडलेल्या चित्रासकट. सेवा सुरळीत चालू आहे. तुमची जागा भरली होती. तुम्ही स्वीकारलेल्या सेटिंगप्रमाणे, ज्या नोंदी बऱ्याच काळात कुणी मागितल्या नाहीत, त्या काढून नव्यांना जागा दिली आहे.

“हे सेटिंग कोणी ठेवलं?”

“डिफॉल्ट होतं रे. ही जागा तात्पुरत्या गोष्टींसाठी असते.”

“मग कायमच्या तक्रारी त्यात काहून टाकल्या?”

“फास्ट होती ना.”

“आणि बॅकअप?”

“तो प्लॅन वेगळा होता.”

मी ज्या वृत्तीविरुद्ध पत्रकं लिहीत आलो, ती या लोकांनी चक्क सेटिंग करून विकायला ठेवली आहे. जो ओरडत नाही, त्याला पुसा. कारकुनाला फाइल गहाळ करायची तर निदान खुर्चीतून उठावं तरी लागतं.

संध्याकाळी आम्ही गल्लीत जाऊन तक्रारी नव्यानं लिहून घेतल्या. सुनावणीत साहेबांनी तारीख बघितली. “ही तर कालची आहे.”

मावशी उभी राहिली. “कालची कशी, साहेब? हेच पोट्टे माह्या अंगणात बसून लिहून गेले होते. चहा बी पेले.”

“तारीख कालची आहे, बाई.”

मी तावातावानं क्लाउडची हकीकत सांगितली. साहेबांना हसू आवरेना. “म्हणजे तक्रार तुमच्या समितीनं हरवली आणि जाब आम्हाला?”

पहिल्या टप्प्यात बंगले. मावशीची गल्ली शेवटच्या टप्प्यात, आणि तो टप्पा कधी, ते साहेबांनाही माहीत नाही.

बाहेर दादा तिला समजावत होता. “आता पेड प्लॅन घेतो, मावशी. सेटिंगही बदलतो. आता काही पुसलं जाणार नाही.”

“तुह्या सेटिंगले पाणी येते का बे?” असं म्हणून ती ऑटोत बसली.

आता ती टँकरच्या रांगेतूनच मला फोन लावते. मागं बायकांचा कल्ला आणि रिकाम्या गुंड-घागरींचा खडखडाट.

“आहे का गा माही तक्रार?”

मी नंबर टाकून बघतो. “आहे, मावशी.”

“ठीक आहे. उद्या पुन्हा विचारीन.”