मायनं वळकलं का?

शाळेतून निवृत्त झाले आणि मी वालूरजवळच्या आमच्या गावात बायकांना गोष्टी वाचून दाखवायला लागले. पुस्तकं माझ्याच लहानपणची, मुलांसाठी लिहिलेली. दुपारी समाजमंदिरात दहा-बारा जणी जमायच्या. बहुतेकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. राक्षस, बोलणारी झाडं, शापित राजपुत्र, सगळं त्या शेजारच्या गावात घडल्यासारखं ऐकायच्या आणि राजा चुकला की सरळ त्याला नावं ठेवायच्या.

त्यांच्यात मेंढरं राखणाऱ्या घरातली एक म्हातारी होती. मी त्यांना मावशी म्हणायची. त्या कधी काही बोलायच्या नाहीत.

एकदा मी रानात वाट चुकलेल्या मुलीची गोष्ट वाचली. बऱ्याच वर्षांनी, मोठी होऊन, ती घरी परत येते. आई दार उघडते आणि गोष्ट संपते. मी पुस्तक मिटलं तसं मावशींनी विचारलं, "बाई, मायनं वळकलं का तिला?"

पुस्तकात ते नव्हतं. घरी जाताना एकीनं मला सांगितलं, की मावशींची लेक पाच वर्षांची असताना, पंचेचाळीसएक वर्षांपूर्वी, मानवतच्या बाजारात हरवली. ज्वारी मोजून घ्यायला त्यांनी तिचा हात सोडला, तेवढ्यात. पुढं कितीतरी महिने त्या गावोगाव हिंडल्या. पोरगी सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींनी तीच गोष्ट पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. शेवटच्या ओळीनंतर, पानावर नजर ठेवूनच, मी पुढं म्हटलं, "आईनं तिला बघताक्षणी ओळखलं."

मावशींनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"हे त्याच्यात लिव्हलेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज बदलला."

मी खाली मान घालून माफी मागितली. त्यांना राग आलेला नव्हता. अगदी हळू त्या म्हणाल्या, "मी न्हाई वळकणार, बाई. तिचं तोंडच ध्यानात ऱ्हायलं न्हाई आता. हात तेवढा ध्यानात हाय. लय घामेजलेला व्हता."

त्यानंतर त्यांनी ती गोष्ट परत मागितली नाही. दुसऱ्या गोष्टी ऐकायला मात्र रोज यायच्या. गेल्या थंडीत त्या वारल्या.

वाचन अजून चालू आहे. ती एक गोष्ट तेवढी मी टाळते. पण मानवतला गेले आणि एसटीत पन्नाशीची अनोळखी बाई शेजारी येऊन बसली, की माझी नजर तिच्या हातांवर जाते. मी त्या पोरीला कधी पाहिलेलं नाही. तरी उतरेपर्यंत मी बघत राहते, आणि एक-दोनदा तर, काय विचारायचं ते ठाऊक नसताना, मी तिला हाक मारायला तोंड उघडलेलं आहे.