रिकामी खाच

गिरगावातल्या त्या वाडीत गणपती आले की कुणाचं काही कुणाचं राहत नाही. सतरंजी, समई, शिडी, टेबलपंखा, जे दिसेल ते मंडळाच्या मांडवात जातं आणि विसर्जनानंतर आलं तर परत येतं. मालकाला विचारायची पद्धतच नाही. देवाचं काम म्हटलं की झालं! लतिका परबनेही इतकी वर्षं तोंड उघडलं नव्हतं.

मुलगी सासरी गेल्यावर लतिका संगणकावर व्हिडिओचे तुकडे कापून जोडायला शिकली. वाडीतली बारशी, साखरपुडे, सगळं तिने फुकट करून दिलं. त्यावर लोक म्हणायचे, काकूंचा वेळ बरा जातो. वेळ जातो म्हणे! मान आखडेपर्यंत बसून सनईचा सूर आणि पडणाऱ्या अक्षता एकत्र बसवून बघा म्हणावं एकदा. पण यंदा दादरच्या एका स्टुडिओने तिला अख्ख्या लग्नाचा व्हिडिओ जोडायला दिला होता. बाहेरचं पहिलंच काम. उद्या सकाळी दाखवायचं, पसंत पडलं तर पुढची कामंही तिलाच मिळणार होती.

आणि नेमका आज संगणक अडून बसला. नवरी बोहल्यावर यायच्या आत चित्र जागच्या जागी थिजायचं. बंद केला, चालू केला, पुन्हा तेच.

वाडीतल्या स्वप्नीलनेच या जुन्या मशीनवर तिला विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं आणि शिकवलंही होतं, की काकू, बिघडलं तर आधी मशीनलाच विचारायचं. परवा ती बाजारात गेली असताना तो येऊन गेला होता. धूळ साफ केली त्याने, असं तिच्या नवऱ्याने, प्रफुल्लने सांगितलं होतं.

लतिकाने मशीनला आज्ञा द्यायची काळी खिडकी उघडली आणि टाइप केलं, free -h. मेमरी निम्मीच दिसली. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. मग तिने sudo dmidecode -t memory लिहून पासवर्ड दिला. मशीनने दोन्ही खाचांचा हिशोब समोर ठेवला. पहिल्या खाचेत मेमरीची पट्टी होती. दुसरीपुढे लिहिलं होतं, No Module Installed. म्हणजे तिथे काहीच नाही. धुळीबरोबर पट्टीही साफ झाली होती!

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक खाली मांडवात गेली. पडद्यावर समुद्रमंथनाचा देखावा झोकात चालला होता आणि पडद्यामागे मंडळाचा संगणक घरघरत होता.

"स्वप्नील, माझी मेमरी यात घातलीस?"

"काकू, देखावा अडकत होता ना. विसर्जन झालं की लगेच परत लावतो."

"मला विचारलंस?"

"काकांना विचारलं ना! काका बोलले, ने बिनधास्त, तिचा नुसता टाइमपास असतो."

काका शेजारीच झांजा घेऊन उभे होते. लतिकाने त्यांच्याकडे पाहिलं. टाइमपास! रात्रंदिवस एका घरात राहणारा माणूस, आणि त्याला बायको काय करते एवढंही दिसू नये?

"अगं, चार दिवसांची तर गोष्ट," प्रफुल्ल म्हणाला. "देवाचं काम आहे."

"देवाने माझ्याकडे मागितलं असतं तर दिलं असतं," लतिका म्हणाली. "तुम्ही कोण देणारे?"

तिने मंडळाचा संगणक बंद केला, स्वप्नीलला झाकण उघडायला लावलं आणि स्वतःच्या हाताने पट्टी काढून घेतली. मंथन अर्ध्यावर राहिलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. होऊ दे.

वर येऊन तिने पट्टी जागेवर बसवली, मशीनला पुन्हा विचारलं, दोन्ही खाचा भरलेल्या दिसल्या, तेवढ्यात प्रफुल्ल तणतणत आत आला.

"चारचौघांत शोभा केलीस माझी! एवढ्याशा पट्टीसाठी?"

"अहो, तुम्ही घरी नसताना कुणी तुमचा पखवाज मागायला आलं असतं आणि मी म्हटलं असतं, न्या बिनधास्त, त्यांचा नुसता टाइमपास असतो, तर?"

"पखवाजाचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"तो माझा आहे!" प्रफुल्ल ओरडला.

आणि ओरडून झाल्यावर त्याची नजर तिच्या संगणकाकडे गेली, आणि त्याने हातातल्या झांजा हळूच खाली ठेवल्या. लतिकाने खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागली.