आज्जीची नीळ

आमच्या आज्जीला कुणी वय विचारलं की ती फाडकन म्हणायची, "बाप्तिस्म्याच्या वहीत बघा की, मला काय विचारता?" ती वही उघडायची हिंमत कुणाचीच नव्हती. पंच्याऐंशीच्या पुढं असणार, बिलकुल. तिनं अंकुशनगरच्या साखर कारखान्यासाठी ऊस तोडला, मग मिशनच्या बोर्डिंगात पोरींसाठी पोत्यानं ज्वारीच्या भाकरी थापल्या, तीन लेकरं वाढवली. आणि या सगळ्यात दर शनिवारी चर्चचं धुणं. वेदीवरचं कापड आणि फादरचा पायघोळ पांढरा झगा. लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम तिचं. दुसऱ्या कुणी हात लावला की अंगावर धावून यायची.

मागच्या वर्षी नवे फादर आले. तरुण, हसतमुख. एकदा झग्यावर इस्त्रीचा डाग दिसला तसे ते घरी येऊन म्हणाले, "आजी, आता आराम करा. कपडे जालन्याला लॉन्ड्रीत देऊ."

आज्जी दिवसभर जेवली नाही. "चर्चात माझं म्हणून एवढंच हाय," ती मला म्हणाली. "ते बी गेलं तर मंग मी तिथं नुसती बसायला जाऊ का?"

तिचं तोंड बघून फादर नरमले. पंधरा ऑगस्टपर्यंत बघू म्हणाले. आमच्याकडं पंधरा ऑगस्ट म्हणजे डबल मजा. झेंडावंदन तर आहेच, वर मारिया माउलीला स्वर्गात नेलं तो सणही त्याच दिवशी. सकाळी शाळेत जिलेबी, मिस्साची प्रार्थना झाली की चर्चमध्ये पुन्हा जिलेबी.

सणाच्या दोन दिवस आधी आज्जी बादलीपुढं बसली. मी शेजारीच, पण मोबाइलमध्ये तोंड खुपसून. ती निळीचे थेंब टाकायची, पाण्यात डोकवायची. "पांढरंच दिसू राह्यलं," म्हणायची आणि पुन्हा थेंब. मोतीबिंदू झालाय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की ती चिमटा उचलायची!

कपडे वाळले. अरे देवा! झगा आकाशासारखा निळाशार. वेदीचं कापडही तसंच. फादरचा दुसरा, जास्तीचा झगाही तिनं त्याच बादलीत बुडवलेला, त्यामुळं घालायला पांढरा उरलाच नव्हता. पुन्हा धुवायचं तर पावसाची रिपरिप. मी काय केलं असेल? निमूट घड्या घातल्या, वर पांढरा टॉवेल ठेवला आणि गठ्ठा चर्चमध्ये पोचवला. आज्जीला चकार शब्द सांगितला नाही. भित्री कुठली मी!

झेंडावंदन लांबलं. फादर धावतपळत आले, जल्दीत झगा अंगात चढवला आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या बाह्यांकडं बघत राहिले. मागं वेदीही निळीच. मला हसू आवरेना, ओढणी तोंडात कोंबली. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक म्हातारी ओरडली, "अगं बाई! माउलीचा रंग! माउलीच्या सणाला माउलीचा रंग!"

झालं! मूर्तीतल्या माउलीचा शेलाही निळाच की. बायका खूश, पोरं खूश, पेटीवाल्यानं तर ठरलेलं गाणं सोडून माउलीचंच सुरू केलं. फादरनीही प्रवचनात सांगून टाकलं, "काय सुंदर सुचलं आपल्या आजींना!" सगळं चर्च वळून आज्जीकडं बघायला लागलं. मी मनातल्या मनात नाचत होते. वाचलो! आता कुठली लॉन्ड्री!

आज्जीनं मला कोपरानं ढोसलं. "काय सुचलं मला? झगा पांढरा हाय ना?"

"आज्जे, गप बस ना."

"पांढरा हाय का न्हाई?"

तिच्या तोंडावर खोटं बोलणं मला जन्मात जमलेलं नाही. "निळा," मी म्हटलं. "पार निळा."

ती काठी टेकत उठली. मी पदर ओढला, तिनं हिसडा दिला. "फादर," ती खणखणीत बोलली, "मला काही सुचलं न्हाई. मला दिसंना गेलंय. नीळ जास्त पडली. देवाच्या घरात फुकटचं कौतुक नको मला." मग आवाज एकदम बारीक झाला. "पर काम काढू नका माझं."

मला इतकी लाज वाटली की बाकाखाली शिरावं. ऊस तोडताना बोट कापलं तरी कुणापुढं हात न पसरलेली बाई, आज भर चर्चमध्ये मागत होती, आणि जे तिला आधीच सांगायला हवं होतं ते मी लपवलं होतं.

फादर वेदीवरून खाली उतरले, निळ्या झग्यात, थेट आमच्या बाकापर्यंत. "काम तुमचंच, आजी. आधी डोळे दाखवायचे, कबूल? तोवर दर शनिवारी मी बादलीपाशी बसतो. नीळ किती झाली ते मी सांगीन."

आज्जीनं त्यांचा हात चाचपला, उलटा केला, बोटं बराबर तपासली.

"या," ती म्हणाली. "पर हात धुऊन या."