दाराच्या डाव्या हाताला

कुंभारी गावाच्या बाजूच्या माळावर त्या सकाळी एकही भिंत नव्हती. जमिनीवर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा होत्या आणि वर मांडवाचं कापड. रेघ तुटली असेल तिथे दार समजायचं, दुहेरी असेल तिथे खिडकी. शहरातल्या जुन्या गल्ल्यांत एकेका खोलीत राहणाऱ्या माग कामगारांच्या एका गृहनिर्माण संस्थेची घरं तिथे उभी राहणार होती. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी एका आर्किटेक्टबरोबर काम करू लागलो होतो. ज्यांच्यासाठी घर बांधायचं ती माणसं आज कशी राहतात हे आधी पाहायचं आणि लिहून काढायचं, एवढं माझं काम.

आर्किटेक्टचं म्हणणं असं, की कागदावरचा नकाशा दाखवला की लोक मान डोलावतात आणि राहायला गेल्यावर भांडतात. म्हणून घर खऱ्या मापात जमिनीवर आखायचं आणि कुटुंबाला सामानासकट दिवसभर त्यात राहायला सांगायचं. आम्ही बाजूला बसून पाहायचं. चपला कुठे काढतात, पाण्याची घागर कुठे ठेवतात, कोण कुणाकडे पाठ करून जेवतं. प्रश्न शक्यतो विचारायचे नाहीत. विचारलं की माणसं आपल्या घराबद्दल चांगलंच सांगतात.

सुरुवातीला लोकांना हा खेळ वाटला. थोड्या वेळानं वाटेनासा झाला. एक बाई रेघ ओलांडून शेजारच्या घरात साखर मागायला गेली, तर शेजारीण डाफरली, "भिंतीतून काय येतीस गं, दार तिकडं हाय की." ती बाई मागे फिरली, वळसा घालून दारातून आली, मग तिला साखर मिळाली. कुणी हसलं नाही.

ज्या कुटुंबाबद्दल मला सांगायचं आहे ते चौघांचं. अम्मा, तिचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर. संस्थेचं सभासदत्व अम्माच्या नवऱ्याचं होतं, तो गेल्यावर तिच्या नावावर आलं. त्यामुळे घर घ्यायचं की नाही हे तिच्या हातात होतं, आणि ती कित्येक वर्षं नाही म्हणत होती. गल्लीतल्या खोलीच्या मालकाला ती जुनी इमारत पाडायची होती. मुलाचं आणि संस्थेच्या लोकांचं समजावून झालं होतं. त्या दिवशीही ती आली ती नातीच्या हट्टापायी.

त्यांनी लोखंडी कॉट आणली होती, गॅस आणि भांडी होती, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सून चुलीच्या जागी बसली. मुलगा कॉटवर आडवा झाला. दुपारी आर्किटेक्टनं माझ्या दंडाला हात लावला आणि त्या घराकडे बोट दाखवलं. काय पाहायचं ते मला लगेच कळलं नाही.

दारातून आत आलं की डाव्या हाताला मोकळी जमीन होती. तिथे त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं. इतर घरांत लोकांनी ती जागा आधी भरली होती, कारण तिथे वारा येत होता. या घरात पाणी घेऊन येणारी सून दारातून आत आली की उजवीकडे वळायची आणि मग आत जायची. मुलगाही तसाच. अम्माही तशीच. चौघांच्या पावलांनी माती तुडवली गेली होती आणि मध्ये एक लांबट चौकोन कोरा राहिला होता, कडा सरळ असलेला. त्यावर सकाळच्या झाडूच्या खुणा तशाच होत्या. नातीचा चेंडू त्यात गेला तेव्हा ती कडेला बसली, हात लांब करून तिनं तो ओढून घेतला आणि पुन्हा खेळायला लागली. तिच्या चेहऱ्यावर भीती वगैरे काही नव्हतं.

दुपार कलल्यावर अम्मा आर्किटेक्टकडे आली. हितं आधी काय होतं, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं की माळ होता, शेळ्या-मेंढ्या चरायच्या. मग तिनं विचारलं की जमिनीखाली काय आहे. त्यानं मुरूम असल्याचं सांगितलं, पाया किती पक्का असेल हेही समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "कुणाचं घर नव्हतं न्हवं हितं?" तो नाही म्हणाला. ती मुलाकडे गेली आणि तेलुगूत काहीतरी बोलली. मुलगा आमच्याकडे पळतच आला. अम्मा हो म्हणाली होती.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या गल्लीत गेलो. खोली तशीच होती, फक्त भिंतींची. दाराच्या डाव्या हाताला शहाबादी फरशीचा एक तुकडा बाकीच्या फरशीहून नवा दिसत होता. त्यावर काही नव्हतं. एवढ्याशा खोलीत गाद्या, डबे, शिलाई मशीन, नातीचं दप्तर एकावर एक रचलेलं आणि ती जागा रिकामी. घरातल्या कुणाला विचारलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं आपणहून सांगितलं. तिथे अम्माच्या नवऱ्याचा खड्ड्याचा हातमाग होता. विणकर काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून खालच्या पावट्या दाबतो. त्या दिवशी अम्मा मागे बसून सुताच्या कांड्या भरत होती. मागाचा आवाज थांबला. नवरा अधूनमधून पुढे वाकून टेकायचा, तसाच टेकला असेल असं तिला वाटलं. कांड्या संपेपर्यंत ती भरत राहिली. मग तिनं हाक मारली.

माग भंगारात गेला, खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर फरशी बसवली. नात त्यानंतर जन्मली. तिला कुणी काही सांगितलेलं नाही, असं म्हातारा म्हणाला. "चालायला लागली तवापास्नं तशीच चालती."

मी हे सगळं लिहून आर्किटेक्टला दिलं. त्यानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. अभ्यास करून घर बांधायचं म्हणजे काय, याचं त्याच्या मते हे उत्तर होतं. फक्कीच्या घरात अम्माला मागाच्या त्या रिकाम्या चौकोनासाठी जागा सापडली, म्हणून ती हो म्हणाली, असा त्यानं अर्थ लावला. मलाही तो बरोबर वाटला. संस्थेच्या लोकांनाही वाटला.

घरं बांधून झाली. सगळ्या घरांत पांढऱ्या टाइल्स होत्या. अम्माच्या घरात दाराच्या डाव्या हाताला मात्र शहाबादी फरशीचा लांबट चौकोन बसवला होता, जुन्या खोलीतल्या मापाचा. वर छताला काचेचा झरोका ठेवला होता, उजेड नेमका त्यावर पडावा म्हणून. तिला आधी सांगितलेलं नव्हतं. आर्किटेक्टला तिचा चेहरा पाहायचा होता.

किल्ल्या देण्याच्या दिवशी सुनेनं उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. मुलानं दार उघडलं. अम्मा उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. झरोक्यातून ऊन आलं होतं. ती किती तरी वेळ डावीकडे बघत राहिली. मग आर्किटेक्टकडे न बघता म्हणाली,

"तुमी त्याला हितं बी आणलाव."

आर्किटेक्ट काहीतरी बोलू लागला. मुलानं मध्येच म्हटलं, "अम्मा, नुसती फरशी हाय ती."

"तिकडं बी फरशीच हाय," ती म्हणाली.

ती रिक्षात जाऊन बसली. सून तिच्यामागे गेली. मुलगा किल्ली हातात धरून दारातच उभा होता. त्याला आमच्यावर रागवायचं होतं की आईवर, हे ठरत नसावं. खोलीच्या मालकानं इमारत पाडायची तारीख दिलेली होती. पुढे काय, असं मी त्याला विचारलं. "पुढं काय," तो म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीत गेलो. आर्किटेक्टनं नव्या घरातली फरशी काढून तिथे पांढऱ्या टाइल्स बसवून द्यायचं कबूल केलं. एका दिवसाचं काम होतं. अम्मानं त्याला चहा दिला, बसायला पाट दिला. मग शांतपणे सांगितलं की काढू नका. तो का म्हणून विचारत राहिला. शेवटी ती म्हणाली, "काढलं की खड्डा पडतोय, साहेब."

आम्ही फक्कीच्या दिवसाचा अर्थ उलटा लावला होता, हे मला तिथे बसल्यावर कळलं. तिनं विचारलं होतं की इथे खाली काय आहे, कुणाचं घर होतं का. खाली काहीच नाही, हे ऐकून ती हो म्हणाली होती. त्या माळावरही त्यांची पावलं वळसा घालत होती ते सवयीनं. ती सवय सुटावी म्हणून तिला घर बदलायचं होतं. आम्ही ती मोजून घेतली आणि सिमेंटमध्ये बसवली.

संस्थेनं अदलाबदलीचा मार्ग काढला. मागच्या रांगेतल्या घराचा मालक शिवणकाम करणारा तरुण होता. त्यानं एका कामगाराचं सभासदत्व विकत घेतलं होतं, त्याच्या घरात मागाचं काम कधीच नव्हतं. झरोक्याच्या उजेडात मशीन चालवता येईल म्हणून तो खुशीनं तयार झाला. अम्मा त्याच्या घरात राहायला गेली. खोलीच्या मालकानं गल्लीतली इमारत पाडली.

काही महिन्यांनी मी परत गेलो. लोक राहायला लागल्यावर घरं कशी वापरली जातात, ते पाहायचं होतं. अम्माच्या घरात डाव्या हाताला कॉट होती, कॉटवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग, कॉटखाली कांदे. नात जमिनीवर पालथी पडून अभ्यास करत होती. अम्मा तिला ओलांडून गेली. सून म्हणाली की अम्माला हल्ली झोप लागते, उलट उठवावं लागतं. अम्मानं तिला गप्प बसवलं.

तिथून मी पुढच्या रांगेतल्या घरात गेलो. तरुण कापड आणायला बाजारात गेला होता, त्याची बायको होती. मशीन आतल्या भिंतीपाशी, अंधाऱ्या कोपऱ्यात होतं. तिथेच दिवा लावून ती ब्लाउज शिवत होती. झरोक्याखाली शहाबादी फरशी स्वच्छ होती आणि रिकामी होती. मशीन उजेडात का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, तिथं काही ठेवावंसं वाटत नाही. मग लगेच, तसं काही नाही, नुसतंच. मला पाणी द्यायला ती उठली तेव्हा उजवीकडून गेली. अम्माची हकीकत तिला माहीत होती का, ते मी विचारलं नाही. नसावी.

मी परत निघालो तेव्हा अम्मा आपल्या दारात उभी होती. त्या घरात कसं चाललंय, असं तिनंच विचारलं. मी जे पाहिलं ते सांगितलं. तिनं चपला घातल्या आणि त्या घराकडे चालू लागली. मी मागे गेलो.

तरुणाची बायको दारात आली. अम्मा आत गेली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि चौकटीला हात धरून म्हणाली, "पोरी, त्यावर पाय ठेव."

ती बावरली. माझ्याकडे बघितलं.

"ठेव की. तुझं कोण न्हाय तितं."

तिनं उजवा पाय उचलला, फरशीवर ठेवला, मग डावा. ऊन तिच्या पावलांवर आलं. ती तशीच उभी राहिली, पुढं काय करायचं ते न कळून. अम्मानं तोंड रस्त्याकडे फिरवलं होतं. तिचा हात मात्र चौकटीवरच होता, आणि मी निघालो तेव्हाही तिथेच होता.