वाऱ्याचे निळे बाण

नवापूरजवळ होणाऱ्या नव्या वसाहतीचं संगणकावरचं मॉडेल मी केलं होतं. ते गावकऱ्यांना दाखवायला आम्ही पालघरच्या एका सभागृहात पडदा लावला. पहिल्याच रांगेत नवापूरची एक मावशी बसली होती, सुक्या बोंबलांची पाटी पायाशी ठेवून. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी ऐटीत सांगत होतो की समुद्राचा वारा घराघरात खेळेल, पंखेसुद्धा लागणार नाहीत. पडद्यावर वाऱ्याचे निळे बाण इमारतींमधून धावत होते. मावशीने पदराने चष्मा पुसला, पडद्याजवळ आली आणि एका बाणाच्या शेपटीवर बोट ठेवलं.

"इथं आमी बोंबील सुकवतो."

"हो मावशी, ती जागा तशीच ठेवलीय."

"जागा ठेवली रे, पण वास कुठं हाय यात? तुजा वारा तोच घेऊन जाणार. मग ती माणसं आमालाच उठवतील."

नवी माणसं समजूतदार असतील, असं मी हसून म्हणालो. मावशी मागे वळली. पाटी डोक्यावर घेऊन निघाली.

ती दाराबाहेर पडताच आमच्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि सगळ्या खिडक्या उघडायला सांगितल्या.

वसाहतीतल्या एका घराचाही पाया अजून खणला नव्हता.