साचेखात्याचं कुलूप

तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी बापाच्या मागाभोवती सुताच्या कांड्या भरत ती अशी गरगर फिरायची, की ते नाव जन्माचं चिकटलं. घर विणकरांचं. भूक लागली की जेवायचं, डोळे मिटायला लागले की धोटा खाली ठेवायचा, अशी रीत.

मग नदीकाठी गिरणी उभी राहिली आणि दिवस भोंग्याच्या ताब्यात गेला. व्यापारी हातमागाच्या कापडाकडे बघून नाक मुरडू लागला. बाप तोवर गेला होता, माग थोरला भाऊ चालवत होता. नवरा वारल्यावर त्याच्याच घरी परतलेल्या भिंगरीने एके सकाळी कुणालाही न विचारता गिरणीची वाट धरली.

"ज्यांनी आपल्या पोटावर पाय दिला, त्यांच्याच दारी राबायला निघाली," भाऊ वहिनीला म्हणाला. बहिणीशी बरेच दिवस बोललाच नाही.

साचेखातं तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथे वाफेवर चालणारे माग, म्हणजे साचे, असा खडखडाट करत, की कानाशी किंचाळलं तरी ऐकू येऊ नये. म्हणून बायका नुसते ओठ हलवून बोलत. नवी बाई आली की आधी साचा शिके, मग ओठ वाचायला. सासूच्या कागाळ्या, कुणाला दिवस गेलेत ते, मुकादमाची टिंगल, सगळं त्याच्या नाकासमोर चाले. त्याला वाटे, बायका जांभया देताहेत.

एका संध्याकाळी भिंगरी खिडकीत बसून धान्य निवडत होती. समोरच्या बंद पडलेल्या, सूत रंगवायच्या कारखान्याच्या पायरीवर भाऊ, शेजारचा काणा विणकर आणि त्या कारखान्याचा रंगारी उभे होते. आवाज पोचत नव्हता, पण तिची नजर सवयीने ओठांवर गेली.

'उद्या दुपारी. भोंगा झाला की,' रंगारी म्हणत होता. 'तेल मी आणतो.'

'फक्त रुईचं गोदाम,' भाऊ म्हणाला. 'दुपारी आत चिटपाखरू नसतं.'

सूप तिच्या मांडीवरून घसरलं. दुपारी इंजिन थांबे, पुरुष जेवायला बाहेर पडत, एवढंच गावाला माहीत होतं. पण त्याच वेळी साचेखात्यातल्या बायका साच्यांखाली शिरून साचलेला सुताचा भुगा झाडत, कारण चालत्या साच्याखाली जाणं म्हणजे हात गमावणं. कुणी काम टाकून पळू नये म्हणून जिन्याच्या दाराला कुलूप असे. किल्ली मुकादमाच्या कमरेला. आणि गोदाम बरोब्बर खाली.

भाऊ घरात आला तशी ती म्हणाली, "दादा, उद्या गोदामाला हात लावू नका."

तो चपापला. "कोण म्हणालं तुला?"

"तूच म्हणालास. मी इथून ओठ वाचले."

"चेटकीण झालीस की काय?"

"दुपारी आम्ही वरच असतो. साच्यांखाली. आणि दाराला कुलूप असतं."

भावाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "तू उद्या घरी थांब."

"आणि बाकीच्या?"

वहिनी चुलीपासून उठली. "बाकीच्यांसाठी दवंडी पिटा की! बायका जाळून कापड खपणार आहे का तुमचं?"

भाऊ बाहेर पडला तो रात्रभर परतला नाही. बेत मोडला की नाही, भिंगरीला कळेना. मुकादमाला सांगावं तर भाऊ फासावर, न सांगावं तर बायका आगीत. इकडे आड, तिकडे विहीर. सकाळी भोंगा झाला आणि ती गिरणीत गेली.

शेजारच्या साच्यावर थोरली होती, खात्यातली सर्वांत जुनी बाई. भिंगरीने ओठ हलवले, 'दुपारी खाली शिरू नका. सगळ्या दाराशी या. का ते विचारू नका.'

थोरलीने तिच्याकडे टक लावून पाहिलं, मग पलीकडे वळली. ओठांवरून ओठांवर निरोप शेवटच्या साच्यापर्यंत गेला. मुकादम त्याच साच्यांमधून फिरत होता.

दुपारी इंजिनाचे पट्टे सैल पडले, साचे थांबले. एकही बाई वाकली नाही. सगळ्या दाराशी जमल्या.

"हे काय? झाडू घ्या!" मुकादम ओरडला.

"कुलूप काढा," थोरली म्हणाली.

"मालकाचा हुकूम आहे."

"मालक आहे का इथे आमच्यासोबत कोंडलेला?"

तो हसला. तेवढ्यात फळ्यांच्या फटींतून धूर वर आला. मुकादमाने किल्ली काढली, पण घाईत ती कुलपात शिरेना. पलीकडून कुणीतरी दारावर घाव घालू लागलं. थोरलीने किल्ली हिसकावली आणि दार उघडलं. समोर पहार घेऊन भाऊ उभा होता, भुवया होरपळलेल्या.

"वाकून उतरा! भिंत सोडू नका!"

बायका एकमेकींचे खांदे धरून उतरल्या. मुकादम तिथेच मटकन बसला होता. भिंगरीने आणि भावाने त्याला ओढत खाली आणलं.

जीव सगळ्यांचे वाचले, गोदाम मात्र राख झालं. भाऊ आदल्या रात्रभर त्या दोघांना बेत सोडा म्हणून विनवत होता. काण्याने ऐकलं. रंगाऱ्यानेही मान डोलावली, आणि दुपारी तेल घेऊन एकटाच गेला. नंतर तो कुणाला दिसला नाही.

चौकशी झाली. "सगळ्याजणी आधीच दाराशी कशा?" साहेबाने विचारलं.

"भूक लागली होती," थोरली म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यापुढे कुणाच्या तोंडून अक्षर निघालं नाही.

कुलूप निघेपर्यंत वर पाऊल टाकायचं नाही, असं मात्र बायकांनी सांगून टाकलं. मालक काही दिवस अडून बसला, मग नमला.

भावाचं मात्र बिनसलं. गिरणीवाल्यांना त्याचा संशय, गिरणीतल्यांना वाचवायला धावला म्हणून विणकरांना तो फितूर. गल्लीत कुणी रामराम घेईना. शेवटी त्याने माग मोडून विकला आणि बंदरावर जहाजांची शिडं शिवायचं काम धरलं.

वहिनीला घेऊन तो बैलगाडीने निघाला त्या सकाळी भिंगरी गाडीबरोबर पुलापर्यंत गेली. "दादा, नको जाऊस," ती म्हणाली.

"इथे मी दोन्ही घरचा चोर," तो म्हणाला. "तू जा. उशीर होईल."

उशीर झालाच. तिने भोंगा ऐकला, पण गाडी वळणाआड जाईपर्यंत हलली नाही. मग धावत सुटली. पहारेकऱ्याने फाटक उघडलं नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि इतके दिवस आवरलेलं रडू एकदाचं मोकळं केलं.